भाऊ की भाचा

पहाटे ४:३०

मृग लागून दोन दिवस झाले, पारोळ्यात अजून थेंब नाही. पंखा लावला की कागद उडतात, म्हणून मी तो बंद करूनच बसतो. फुलस्केपवर आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्या रेघांना अक्षरं टांगायची. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण अक्षर काढून वर रेघ देतो. मोडीत रेघ आधी. हात शक्यतो उचलायचाच नाही. काना अक्षराच्या पायातून निघतो, वळसा घेऊन रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढचं अक्षर सुरू होतं.

मी दस्तलेखक आहे. तहसील कचेरीबाहेर माझं टेबल आहे, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून पोट भरतो. २०२३ साली मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली. लोक जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांच्या आणि कोतवाल बुकांच्या झेरॉक्स घेऊन माझ्याकडे येऊ लागले. वीस वर्षं मी कागदांवर जगलो होतो, आणि समोर धरलेला मोडी लिपीतला मराठी कागद मला वाचता येत नव्हता. एका म्हाताऱ्या बाईंनी दिलेला कागद मी उलटा धरला होता, हे त्यांनीच मला दाखवलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मोडीचे वर्ग भरतात, पुराभिलेख संचालनालयही ते घेतं. पण टेबल बंद ठेवून शहरात जाऊन राहणं मला परवडणारं नव्हतं. मग एक पुस्तक आणलं आणि पहाटेचे दोन तास बाजूला काढले. पहिले चाळीस दिवस फक्त बाराखडी. जुन्या काळी पोरं धूळपाटीवर कित्ता गिरवत, तसाच मी शाईच्या पेनानं गिरवला. त्याच काळात वाचायचाही मोह व्हायचा, पण मी तो आवरला. हातात अक्षर बसल्याशिवाय डोळ्याला ते ओळखू येत नाही, हे तेव्हा नुसतं ऐकलेलं होतं. आता ते पटलं आहे.

हल्ली एका पानाला तीन पहाटा देतो. पहिल्या दिवशी छापील लिप्यंतर पोस्टकार्डाखाली झाकून वाचायचं. अडलं तिथे टिंब द्यायचं आणि पुढे जायचं, अंदाज लिहायचा नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड काढून ताडून पाहायचं. तिसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा झाकून. या तिसऱ्या दिवशीच खरं कळतं. काल समजलं असं वाटलेल्यातलं निम्मं आज नाहीसं झालेलं असतं.

सकाळी ६:३०

आज नळ आला. मोटर, पाइप, ड्रम. हात पाण्यात असले की तोंड मोकळं असतं, तेवढ्यात जुन्या कागदांवरच्या शुहूर सनाचे आकडे घोकून होतात. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, अशर. मग अशरीन, सलासीन, अर्बैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. पेशवाईतल्या कागदावर ‘तिसा सबैन मया व अलफ’ असं दिसलं की नऊ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७९. त्यात ५९९ मिळवले की १७७८. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. पेरणीपासून वर्ष मोजणारी ही रीत मला फार आवडते. परवाच नवं शुहूर वर्ष लागलं आणि आमच्याकडे कपाशीचं बियाणं पोत्यातच पडून आहे.

सकाळी ९:१५

कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन निघालो. वाट किल्ल्यावरून जाते. गावाच्या मधोमध भुईकोट, भोवती खंदक, बुरुजांना लागून बाजार. झाशीच्या नेवाळकरांशी नातं सांगणाऱ्या या गावाच्या गेल्या काही शतकांतल्या जमाखर्चाची, वतनांची, भांडणांची लिपी मोडीच. ती वाचणारे आता गावात किती उरले, याचा विचार रोज खंदकापाशी येतो.

१० ते १२:३०

जून म्हणजे दाखल्यांचा महिना. उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेअर. पोरांचे प्रवेश अडलेले, बाप घामाघूम. या अडीच तासांत मोडी मनात आणायची नाही, असा माझा नियम आहे. एका खात्यातला गट नंबर चुकला तर माणसाच्या दोन खेपा वाया जातात.

दुपारी १२:४०

ऐंशीच्या घरातले एक आबा आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडलेला कागद, त्याची झेरॉक्स. ‘हाऊ कागद वाची दे ना, भाऊ. आमना आजा त्या जमीनवालाना भाऊ व्हता, त्याम्हा तसं लिखेल शे.’

मी बाहेर पाटी लावलेली नाही. पण कागदात काय आहे ते मला आधी सांगू नका, अशी प्रत्येकाला विनंती करतो. मी ती करायच्या आधीच आबांनी सांगून टाकलं, आणि माझा डोळा ‘भाऊ’ शोधू लागला.

मोडीत हा धोका पावलोपावली आहे. शब्द तोडलेले नसतात, सगळी ओळ एका दमात. ‘देवगावीगेला’ असं असेल तर देव गावी गेला की कोणी देवगावी गेला, हे मागच्या-पुढच्यावरून ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाला वेगळी खूण नाही. ‘सुत’ म्हणजे पोरगा की कापसाचं सूत, तेही मजकूरच सांगतो. ‘र’ तर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप पालटतो. त्यात काटकसर, ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘बि॥’ म्हणजे बिन. रकमेपुढची एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणजे वाचणाऱ्याला निम्मं स्वतःकडून घालावं लागतं. जो घालतो तो खोटंही घालू शकतो, आणि त्याला ते कळतही नाही.

अकरा ओळी होत्या, नऊ लागल्या. सातव्या ओळीत नात्याचा शब्द. ‘भा’ स्पष्ट आहे. पुढच्या अक्षरावरून घडी गेली आहे आणि झेरॉक्सनं तिथे काळा पट्टा ओढला आहे. भाऊ असू शकेल. भाचा असू शकेल. आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, मलाही. माझं वाचन कचेरीत चालत नाही, त्यासाठी अधिकृत जाणकाराचं प्रमाणित लिप्यंतर लागतं. पण माणूस माझ्या एका शब्दावर वकिलाकडे जातो, भावकीत बोलणी करतो. मी कागद ठेवून घेतला आणि त्यांना उद्या यायला सांगितलं.

दुपारी २

डबा. त्यानंतर वीस मिनिटं छापील जुनी पत्रं. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसायांनी निवडून काढलेले पंचेचाळीस खंड बाळबोधीत आहेत. त्यातलं जे हाती लागेल ते. यात लिपी शिकायची नसते, शिकायची असते ती वळणं. पत्र कसं उघडतं, मागणं कुठे येतं, तारीख कशी टाकतात. ही सवय लागल्यापासून माझी मोडी दुप्पट वेगानं चालते. अर्थात वेग वाढला तशा अंदाजाच्या चुकाही वाढल्या. म्हणून चुकांची वही आहे. डावीकडे मी काय वाचलं, उजवीकडे खरं काय होतं, खाली का चुकलं. महिन्यातून एकदा ती पहिल्यापासून वाचतो. माझ्या सर्वांत जास्त चुका अक्षर न ओळखल्याच्या नाहीत, शब्द आधीच ठरवून टाकल्याच्या आहेत.

शिक्षक असता तर त्यानं हे आठवड्यात दाखवलं असतं. मला दीड वर्ष लागलं. एकट्यानं शिकणाऱ्याला पुस्तक मिळतं, वेळ काढता येतो. पण ‘हे चूक’ म्हणणारं माणूस समोर नसतं. ते काम सवयींकडून करून घ्यावं लागतं.

संध्याकाळी ६:३०

अभ्यासिकेत तासभर. इथे पोरंपोरी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. भिंतीलगत राज्यशास्त्राचे जाडजूड ग्रंथ, शालेय पाठ्यपुस्तकांचे ढीग. शेजारच्या एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचे राजेश पाटील सनदी अधिकारी झाले. त्यांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ इथल्या बहुतेकांनी वाचलं आहे. अहिराणीतला तो एक शब्द नावात वाचून कितीकांच्या अंगावर काटा येतो, ते मी पाहिलं आहे. या पोरांकडूनच मी उजळणीचं अंतर शिकलो. आज वाचलेलं उद्या, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. त्यांना माझी वेडीवाकडी अक्षरं बघायला आवडतात. मला त्यांची शांतता आवडते.

आमच्या खानदेशात असं बसून शिकण्याची रीत जुनी आहे. अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं रोज दैनिक लिहून काढत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीता सांगत आणि गुरुजी ती उतरून घेत. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यालाच गेले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, पुढे एकूण बावीस झाले. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरं मिळवली. आपल्या शिक्षणाबद्दलच्या लेखात त्यांनी वर्गांपेक्षा ग्रंथालयाला जास्त श्रेय दिलं आहे. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे. तिथली कपाटं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझी दोन तासांची पहाट फार तोकडी वाटली होती. दुसऱ्या दिवशी तरीही साडेचारलाच उठलो.

रात्री ९

मुलगी आठवीत जाईल. सकाळच्या पानाचं बाळबोध ती मला वाचून दाखवते, मी ते मोडीत लिहितो, मग मूळ पान शेजारी ठेवून ती लाल पेनानं माझ्या चुका काढते. तिला मोडी येत नाही, आकार जुळतो की नाही एवढंच ती बघते. म्हणूनच ती माझ्याहून चांगली परीक्षक आहे. तिला अर्थ फसवत नाही. आज सात खुणा.

रात्री ९:४०

आबांचा कागद पुन्हा घेतला. नवीन हात वाचायचा तर त्या कारकुनाची बाराखडी आधी मांडावी लागते. कोऱ्या कागदावर त्याचे सगळे ‘चा’ उतरवले. ‘त्याचा’, ‘गावचा’, ‘बापाचा’, एकूण पाच. पाचही जागी त्यानं खालचा वळसा आखूड घेतला आहे आणि वर जाताना पेन किंचित डावीकडे झुकलं आहे. ‘ऊ’ कागदात दुसरीकडे कुठेच नाही. मग मुलीला बोलावलं. शब्द सांगितला नाही, कारण सांगितलं नाही. घडीखालचा तुकडा दाखवून विचारलं, या पाचांपैकी कशासारखा दिसतो का? तिनं भिंग धरून बराच वेळ पाहिलं. ‘वरचा भाग दिसतच नाही. पण खालचा वळसा यांच्यासारखाच आहे, पप्पा.’

म्हणजे भाचा असण्याचा संभव जास्त. नक्की नाही. घडीखालचा भाग मूळ कागदावरच दिसेल, आणि मूळ कागद आबांच्या ट्रंकेत आहे. उद्या त्यांना सांगायचं की तो घेऊन आपण दोघं धुळ्याला जाऊ, जाणकाराला दाखवू, आणि तोवर कोणाशी काही बोलू नका. त्यांना ते आवडणार नाही.

बायको दारात आली. ‘झोपा ना आते.’

लिप्यंतराच्या सातव्या ओळीत ‘भा’ लिहिलं आणि पुढे टिंब दिलं.