गळ टाकून बसलेले बापलेक

शाळकरी मुलाचे पोट वरचेवर दुखणे, ही आमच्या रांजणगावच्या दवाखान्यातली नेहमीची तक्रार. मागे सहावीतला एक मुलगा आजीबरोबर आला. बेंबीभोवती दुखायचे, तेही बहुधा सकाळी शाळेच्या वेळी. रक्त, लघवी, शौच तपासून झाले, जंतांचे औषध देऊन झाले. वजन घटणे, ताप, उलट्या, शौचावाटे रक्त, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही नव्हते. (यांतले एक जरी लक्षण असले, तर पालकांनी पोटदुखी अंगावर काढू नये.)

मी विचारले, "वडील काय करतात रे?"

"कंपनीत असतात."

"आणि घरी असतात तेव्हा?"

"झोपलेले असतात."

आजी म्हणाली, "पाळी बदलती हो सारखी. लेकरू शाळंतून येतं तवर ह्यो निघाला कामाला."

वडिलांना बोलावून घेतले. गृहस्थ मूळचे भीमेकाठचे. लहानपणी वडिलांबरोबर काय करायचात, असे विचारल्यावर चेहरा खुलला. "मासं धरायचो, डॉक्टर. पहाटे उठवायचे आम्हाला." मग कागदावर तेच लिहून दिले : सुट्टीच्या दिवशी दोघांनीच गळ घेऊन नदीवर जाणे, मोबाईल खिशात बंद ठेवणे, महिन्याने येऊन भेटणे.

वाचक हसतील, पण यामागे विचार आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बाप पोराला घेऊन माळावर सशा-तितरांच्या मागे जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि योग्यच झाले. ससा, तितर, घोरपड मारणे हा गुन्हा आहे, हौस म्हणूनही नाही. पण त्या शिकारीतून पोराच्या पदरात जे पडे, ते मांस नव्हतेच. बापाच्या पावलावर पाऊल टाकून चालायचे, वारा कुठला ते ओळखायचे, मातीतला माग वाचायचा, गप्प बसायचे. चार तास बाप दुसऱ्या कोणाचा नसे, फक्त त्याचा असे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचेच पाहा. आई-वडील लहानपणीच गेलेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन, त्यांनीच सांभाळले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी निराळी दिसली, म्हणून पोराने मामाला दाखवली. मामाने ती उडवून न लावता १९०८ साली त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत धाडले. पोराच्या हातातली वस्तू मोठ्या माणसाने नीट पाहिली, एवढेच घडले होते.

आता बंदूक नको, गळ पुरे. काठी, दोरा, धाटाचा तरंगता तुकडा आणि आमिषाला कणीक किंवा गांडूळ. घोड, भीमा इथे चिलापी सहज लागते. चिंचणीच्या धरणावर जायचे तर तिथल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारावे. चिलापीची मादी अंडी-पिले तोंडात सांभाळते, तशी मिळाली तर मुलाला दाखवून पाण्यात सोडून द्यावी.

आमचे हे बापलेक पहिल्या दोन खेपांना रिकाम्या हाताने आले. तिसऱ्या खेपेला मुलगा पाण्याकडे बघतच म्हणाला, "पप्पा, गाडीतली मोठी पोरं माझा डबा काढून घेतात." समोरासमोर बसवून मी तीनदा विचारले होते, आजीने देवाशपथ घालून विचारले होते, तेव्हा हे बाहेर आले नव्हते. शेजारी शेजारी बसून, नजर तिसरीकडे असली की मुले बोलतात. वडिलांनी लगेच आरडाओरडा केला नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शिक्षकांना भेटले. पोटदुखी दोनेक महिन्यांत पुष्कळ कमी झाली. ती खोटी नव्हती बरे! मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी जोडलेले असतात, मनावरचा ताण पोटात खरीच कळ आणतो. अशा मुलाला "नाटक करतो" म्हणू नये.

आणखी एक फायदा डोळ्यांचा. उघड्यावरच्या उजेडात रोज वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात जडतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा कार्यक्रम घेतला. झाडाच्या सावलीतला उजेडही वर्गातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

माळकरी घरांनी गळाच्या वाटेला जाऊ नये, हे खरेच. त्यांनी मोराची चिंचोली येथे पहाटे मोर पाहावेत, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्याचे खूर मातीत शोधावेत. माग काढण्याची मजा तीच, जीव मात्र कोणाचा जात नाही.

मात्र काळजी हवी. वाळूउपशाने नदीपात्रात पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत, म्हणून मूल हाताच्या अंतरावर असावे आणि पुराच्या पाण्याजवळ जाऊच नये. कोणी बुडाले तर बाहेर काढून उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार करू नयेत. श्वास नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ ला फोन करावा. साप चावल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे. दिवस मावळायच्या आत घरी परतावे. नदीकाठच्या उसात बिबटे आहेत, आणि पिंपरखेडला २०२५ मध्ये त्यांच्या हल्ल्यात मुले दगावली, हे विसरू नये.

गळ बोटात रुतला तर ओढू नका, त्याला उलटा काटा असतो. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. दोरा तेवढा कापा आणि गळ आहे तसा ठेवून दवाखान्यात या. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, तेही आठवून या.