हौशी रॉकेटमधली बॅटरी : किती एमएएच पुरे?

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. १०० मिलिअँपिअर खाणारा जीपीएस ट्रॅकर ४०० एमएएचवर कागदोपत्री ४ तास चालतो. थंडीत त्याहून कमी. उड्डाण काही मिनिटांचंच. बॅटरी संपते ती लाँचपॅडवर ताटकळण्यात आणि उतरलेलं रॉकेट शोधत रान तुडवण्यात. हिशेब त्या तासांचा.

• उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरला जेमतेम काही मिलिअँपिअर पुरतात. पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटवणाऱ्या इग्नायटरला मात्र क्षणभर सुमारे १ अँपिअर लागतो. इथे नुसते एमएएच नव्हे, 'सी' रेटिंगही (क्षमतेच्या किती पट प्रवाह) पाहतात : ४०० एमएएच, २० सी म्हणजे ८ अँपिअरपर्यंत.

• ९ व्होल्टची अल्कलाइन : सुमारे ५०० एमएएच. अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे झटक्यासरशी व्होल्टेज घसरतं.

• लिपो (लिथियम-पॉलिमर) : दर सेल ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज ४.२, ३ च्या खाली उतरवू नये. संरक्षक सर्किट असलेली लिपो इग्नायटरचा झटका शॉर्टसर्किट समजून नेमकी तेव्हाच बंद पडू शकते. छापील एमएएच कितीही असो!

• बॅटरी केबल टायने आवळलेली हवी. नुसत्या स्प्रिंगचा संपर्क उड्डाणाच्या धक्क्याने सुटतो.