खडखडाट नेमका कुठून?

आमची जुनी मोटार एका सकाळी खडखडू लागली. डब्यात खिळे भरून कुणी हलवावा, तसा आवाज मागून येत होता. ओळखीच्या मिस्त्रींनी तो ऐकून सांगितलं, "सायलेन्सर गेला, बदलावा लागेल."

खर्च मोठा होता, पण आम्हाला काळजी दुसरीच होती. इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. पाइप फुटला असेल, तर हा वायू गाडीत शिरू शकतो. दुसऱ्या दिवशी तर मुलांना घेऊन लांब जायचं होतं.

म्हणून आधी गळती शोधली. इंजिन बंद, पाइप पूर्ण थंड आणि गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर. धूर गळतो तिथे काजळीचा डाग पडतो. तसा डाग कोणत्याच सांध्यावर नव्हता. शिवाय गळतीचा आवाज फटफट किंवा फुसफुस असा असतो. आमचा तर पत्र्याचा खडखडाट होता.

मग गाडी उघड्यावर आणून, न्यूट्रलमध्ये ठेवून रेस हळूहळू वाढवली. मिनिटाला ९०० फेरे असताना शांतता. १८०० च्या आसपास जोरदार खडखडाट. २५०० ला पुन्हा शांतता! आणखी एक गोष्ट लक्षात आली : इंजिन तापल्यावर आवाज कमी होत होता.

असं का व्हावं? चार सिलिंडरच्या, फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजेच ६० स्फोट. पाइपला सेकंदाला ६० धक्के बसत होते. प्रत्येक वस्तूची कंप पावण्याची स्वतःची एक वारंवारता असते. धक्के त्याच वारंवारतेने बसले, की कंपनं वाढत जातात. हाच अनुनाद. वर्गात हे सहज दाखवता येईल. एक आडवी दोरी बांधून तिला तीन लंबक टांगा. त्यांतले दोन सारख्या लांबीचे असू द्या. त्या दोघांपैकी एक हलवला, की त्याचा जोडीदार जोरात झुलू लागतो. तिसरा जेमतेम हलतो.

म्हणजे आम्हाला शोधायचा होता सेकंदाला सुमारे ६० वेळा थरथरणारा सैल भाग. गाडी पुन्हा थंड होऊ दिली आणि रबरी हातोड्याने पुढून मागे एकेक भाग ठोकत गेलो. सायलेन्सरचा आवाज भरीव आला. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला) खुळखुळ्यासारखा वाजला असता, तर आतली चिनीमातीसारखी जाळी फुटली असं समजलो असतो. तोही शांत होता. त्याच्या मागे मात्र, पाइपची उष्णता गाडीच्या तळाला लागू नये म्हणून बसवलेला पातळ पत्रा खणखणला. त्याच्या एका बोल्टभोवती गंजून भोक पडलं होतं आणि कड पाइपवर आपटत होती. पत्रा गाडीच्या मधोमध असला, तरी त्याची कंपनं पाइपमधून मागपर्यंत पोहोचत होती. मिस्त्रींचा कान चुकला नव्हता. फसवलं ते पाइपने.

तापल्यावर आवाज कमी का? एक मीटर पोलादी पाइप ३०० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतो. तेवढ्याने पाइप आणि पत्रा यांच्यातली फट बदलते.

पत्रा आणि पाइप यांच्याभोवती एक मोठी पोलादी क्लिप आवळली आणि रेस पुन्हा १८०० पर्यंत नेली. आवाज नाही! दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन आम्ही निघालो. वाटेत कुणालाच खडखडाट ऐकू आला नाही. आम्ही मात्र कान देऊन बसलो होतो.