एका पौंडाचे रुपये किती?

आपला रुपया आपल्या देशात चालतो. इंग्लंडात पौंड चालतो. इकडचा माल तिकडे विकला, म्हणजे आलेल्या पौंडांचे रुपये करावे लागतात. तिकडचे यंत्र इकडे आणले, म्हणजे रुपये देऊन पौंड घ्यावे लागतात. एका पौंडाला किती रुपये पडतात, या भावाला जुने लोक हुंडणावळ म्हणत. आता विनिमयाचा दर म्हणतात. नाव कोणतेही घ्या, गोष्ट एकच.

हा भाव आभाळातून पडत नाही. तो कसा ठरत आला आणि तो बदलला म्हणजे कोणाच्या घरात काय होते, ते आता पाहू.

इकडे चांदी, तिकडे सोने

रुपया मूळचा चांदीचा. सोळाव्या शतकात शेरशहा सूर याने चांदीचा रुपया पाडला. पुढे १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन बरोबर एक तोळा होते. म्हणूनच जुनी माणसे तोळाभर जिनसाला ‘रुपयाभार’ म्हणत.

पौंड हे मुळात वजनाचे नाव. एक पौंड चांदीच्या २४० पेनी पाडायच्या, असा इंग्लंडातला फार जुना हिशेब. १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड. पण १८१६ साली इंग्लंडने कायदा करून सोन्याचे नाणे धरले. १८१७ पासून एक पौंडाचे सोन्याचे नाणे निघाले. त्याचे नाव सॉव्हरिन.

म्हणजे बघा, रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा. सोन्याच्या मानाने चांदी उतरली की रुपयाही उतरायचा.

चांदी उतरली

१८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. म्हणजे एका पौंडाला साधारण दहा रुपये. मग जर्मनीने सोन्याचे नाणे धरले आणि आपली चांदी विकायला काढली. अमेरिकेच्या खाणींतूनही भरपूर चांदी निघू लागली. माल वाढला, गिऱ्हाईक घटले. मग भाव पडणारच! १८९४-९५ साली रुपया सुमारे तेरा पेन्सांवर आला. एका पौंडाला अठरा रुपयांहून जास्त पडू लागले.

हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत पौंडांत पैसे भरावे लागत. कर्जाचे व्याज, साहेबांची पेन्शने, असे ते खर्च. एक कोटी पौंड भरायचे, तर आधी दहा कोटी रुपये लागत. आता अठरा कोटींच्या वर लागू लागले. हे जास्तीचे रुपये आणायचे कोठून? रयतेच्या करातूनच ना?

तोवर कोणीही आपली चांदी टाकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. १८९३ साली सरकारने ते बंद केले. नवे रुपये कमी निघू लागले, तसा रुपया हळूहळू वर चढला. १८९९ साली कायदा झाला की एक सॉव्हरिन बरोबर पंधरा रुपये. म्हणजे रुपयाला सोळा पेन्स. आता रुपयाचे मोल त्यातल्या चांदीवर राहिले नाही. ते सरकारच्या शब्दावर आले.

सोळा की अठरा?

पहिल्या महायुद्धात हा भाव मोडला. पुढे १९२५ साली सरकारने एक आयोग नेमला. रुपयाला सोळा पेन्स ठेवावे की अठरा, यावर देशभर मोठा वाद माजला. दोन पेन्सांसाठी एवढे भांडण कशाला, असे वाटेल. पण गणित करून पाहा.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरातून परदेशी जात असे. समजा, एक पौंडाचा कापूस विकला. सोळा पेन्सांच्या भावाने त्याचे पंधरा रुपये येतात. अठरा पेन्सांच्या भावाने येतात तेरा रुपये, पाच आणे, चार पै. कापूस तोच, घाम तोच, पण पौंडामागे एक रुपया, दहा आणे, आठ पै कमी. सारा मात्र रुपयांत ठरलेला. सावकाराचे व्याजही रुपयांत. ते पैने कमी होत नाही.

उलट विलायती कापड आणि यंत्रे अठराच्या भावाने स्वस्त पडत. सरकारचा विलायतेतला खर्चही कमी होई. आपल्या गिरण्यांना मात्र त्या स्वस्त कापडाशी टक्कर द्यावी लागे.

आयोगातले एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी सोळा पेन्सांचा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या विषयावर १९२३ सालीच इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांनीही आयोगापुढे साक्ष दिली. अखेर १९२७ साली कायदा झाला तो अठरा पेन्सांचा.

स्वातंत्र्यानंतर

हा अठरा पेन्सांचा भाव फार वर्षे टिकला. १९४९ साली पौंडाची किंमत डॉलरच्या मानाने उतरवली, तेव्हा आपण रुपयाचीही तेवढीच उतरवली. त्यामुळे दोघांतला भाव जागचा हलला नाही. ६ जून १९६६ रोजी आपल्या सरकारने रुपयाची किंमत उतरवली आणि पौंडाला एकवीस रुपये पडू लागले. पुढच्याच वर्षी पौंड उतरला आणि भाव अठरा रुपयांवर आला. १९७५ साली रुपयाची पौंडाशी बांधलेली गाठ सुटली. १९९३ पासून हा भाव मुख्यतः बाजारातल्या देवघेवीवर ठरतो. गरज पडेल तेथे रिझर्व्ह बँक हात घालते. २०२५ साली एका पौंडाला शंभराहून जास्त रुपये पडत होते.

ध्यानात काय ठेवावे?

‘रुपया उतरला’ असे वर्तमानपत्रात वाचले, की कोणी म्हणतो वाईट झाले, कोणी म्हणतो बरे झाले. आपण आधी एवढे विचारावे: माल बाहेर विकणारा कोण आणि बाहेरून आणणारा कोण? रुपया उतरला की विकणाऱ्याच्या हाती रुपये जास्त येतात. पण बाहेरून येणारे तेल आणि खत महाग पडते. शेतकरी कधी विकणारा असतो, कधी घेणारा. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. आता अक्षर आणि अंक दोन्ही आपल्या हाती आहेत.

हे गणित करा: शंभर पौंडांचे यंत्र आणायचे आहे. पौंडाला एकवीस रुपये भाव असता किती रुपये लागतील? अठरा असता किती? फरक किती?