रक्तदाब, सर्पगंधा आणि कोयता

डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग रोज गोळी कशाला, असे आम्हांला सभांतून कितीदा तरी ऐकावे लागते. रक्तदाबाची मेख हीच, की तो पुष्कळदा काही सांगतच नाही. जादा जोराने वाहणारे रक्त धमन्यांना आतून इजा करीत राहते, हृदयाचा स्नायू जाड होत जातो, आणि झटका आला किंवा अंगावरून वारे गेले म्हणजे मगच घरच्यांना कळते.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांची रीत येथे पाहण्यासारखी आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे फार जुने औषध. त्याने दाब उतरतो असे कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी 1931 साली लिहिलेही होते. पण जगाने मनावर घेतले नाही. वकिलांनी औषधापूर्वी दाब मोजला, नंतर मोजला, आणि 50 रुग्णांचा हिशेब 1949 साली ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात मांडला. तेव्हा जगाचे डोळे उघडले. 1952 साली त्या मुळातून रेसर्पिन वेगळे निघाले, 1957 साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसर्पिनने मन खिन्न होते असे आढळले आणि अधिक सोयीच्या गोळ्या आल्या. तेव्हा मढीच्या यात्रेत कोणी मुळी विकू लागला, तर ती घेऊ नये!

औषध मागे पडले, मोजण्याची रीत राहिली. दाब पुनःपुन्हा 140/90 किंवा त्याहून वर भरला, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. तंबाखू व मिश्री सुटली पाहिजे. मीठ, लोणच्या-पापडातले धरून, दिवसाला चहाच्या चमच्याहून कमी हवे.

पण पाथर्डीचा खरा पेच निराळाच आहे. गोळ्या मिळतात महिन्याच्या, आणि कोयता कारखान्यावर जातो पाच-सहा महिन्यांसाठी. थळात गोळी संपते, उचल अंगावर असल्याने खाडा परवडत नाही, आणि दाब पुन्हा चढतो. म्हणून आमचे मुकादमांना सांगणे असते, की निघण्यापूर्वी टोळीतल्या प्रत्येकाचा दाब मोजून घ्या, औषधाची चिठ्ठी जवळ ठेवा आणि कारखान्याजवळचे सरकारी आरोग्य केंद्र आधी हुडका. राज्याच्या आरोग्य खात्याने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. आणि कोणाच्या छातीत कळ येऊन दरदरून घाम फुटला, तर गाडी भरून होईपर्यंत थांबू नका. तत्काळ 108 ला फोन लावा.