जवळची पूर्ण संख्या कशी काढावी?

दशांशाच्या संख्येवरून जवळची पूर्ण संख्या कशी काढायची, ते मी आज सांगणार आहे. मला ते चूक करूनच कळले.

आमची एक म्हैस आहे. सकाळचे दूध मी डेअरीत घालून येतो. चिठ्ठीवर ४.४६ लिटर असा आकडा येतो. आजीला दशांश कळत नाही. ती म्हणते, "बाळा, पुरा आकडा सांग." मग ती भिंतीवर कोळशाने एका लिटरला एक रेघ ओढते.

मी काय करायचो, शेवटच्या ६ मुळे ४.४६ चे आधी ४.५ करायचो. मग ४.५ चे ५ करून आजीला सांगायचो. पाच दिवस ४.४६ आणि पाच दिवस ४.४८ लिटर दूध भरले. दहा दिवसांत भिंतीवर ५० रेघा झाल्या. पैसे मात्र ४४.७० लिटरचेच आले. आजी म्हणाली, "मापात पाप केलं मेल्यांनी!" ती भांडायलाच निघाली. ताईने तिला थांबवले आणि सगळ्या चिठ्ठ्या पाहिल्या. चूक माझीच निघाली. मला फार लाज वाटली.

ताईने मला नियम शिकवला. दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक तेवढाच पाहावा. तो ०, १, २, ३ किंवा ४ असेल, तर चिन्हापुढचे सगळे सोडून द्यावे. तो ५, ६, ७, ८ किंवा ९ असेल, तर चिन्हाआधीच्या संख्येत १ मिळवावा. ४.४६ मध्ये पहिला अंक ४ आहे, म्हणून उत्तर ४. मागच्या ६ ला विचारायचेच नाही. पट्टीवर पाहा. ४ आणि ५ यांच्या बरोबर मध्ये ४.५ येते. ४.४६ त्याच्या अलीकडे आहे, म्हणजे ४ च्या जवळ.

मी म्हणालो, "ताई, रोज ४ सांगितले असते तर ४० च रेघा झाल्या असत्या की!" ताई म्हणाली, "म्हणून आधी खऱ्या आकड्यांची बेरीज करावी आणि शेवटी एकदाच पूर्ण संख्या काढावी." बेरीज ४४.७० आली. चिन्हानंतर ७ आहे, म्हणून ४५ लिटर.

आता मी रोजचा आकडा वहीत लिहितो. आजी दहाव्या दिवशीच रेघा ओढते. भांडण नाही, काही नाही.

आता तुम्ही सांगा, ७.४९ ची जवळची पूर्ण संख्या कोणती? उत्तर मला मधल्या सुट्टीत सांगा. घाई करू नका हं!