टेबलावरचा दोन, पाण्यातला दोन

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. या काठाला पाठीवर डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला, पाण्यात अंग हलकं होतं हे सांगावं लागत नाही. याच हलकेपणाचा उपयोग करून दुबळ्या स्नायूंची ताकद मोजता येते.

जवळच मलकापुरात कृष्णा फिजिओथेरपी कॉलेज आहे. तिथे काय किंवा कुठेही काय, विद्यार्थी आधी स्नायूंच्या ताकदीची ० ते ५ ही श्रेणी शिकतो. स्वतःचं वजन पेलून हात उचलला तर ३. टेबलावर टेकवून नुसता आडवा सरकला तर २. मेख इथेच आहे. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारातून सावरणारा माणूस कित्येक आठवडे या दोनवरच अडकलेला दिसतो. त्याला स्वतःला फरक जाणवतो, कागदावर मात्र तो उमटत नाही. (जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात उद्रेक झाला आणि हे नाव घरोघरी पोचलं. तिथे संशय पाण्यावरच होता!)

पाण्यातली श्रेणी वेगळी असते. पाण्याने उचलून धरल्यावर हात वर आला तर १. पृष्ठभागाला समांतर सरकला तर २. पाणी वर ढकलत असताना हात खाली दाबत नेला तर 'दोन अधिक', आणि ही पायरी टेबलावरच्या मूळ श्रेणीत नाहीच. तेच वेगाने जमलं तर ३, कारण वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा जवळजवळ चौपट होतो. मनगटाला छोटा फ्लोट बांधून जमलं तर ४, मोठा बांधून ५.

पण पाण्यात जमलं ते जमिनीवर जमेलच असं नाही. पोलिओने पाय गेलेले, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४मध्ये जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट पाण्यात उतरले. जमिनीवर दगा देणारे पाय तिथे साथ देऊ लागले. पण ते पाय बरे कधीच झाले नाहीत. पाण्याच्या नावावर चमत्कार विकणाऱ्यांनी हे विसरू नये.

शिवाय पाण्यातलं हे माप खोलीप्रमाणे बदलणारं, लहरी आहे. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार निम्म्यावर येतो, गळ्याएवढ्या पाण्यात दहाव्या हिश्श्यावर. छातीपर्यंत पाणी आलं की श्वासावर दाब पडतो. म्हणून मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आजाराच्या मुलाला उतरवण्याआधी फुप्फुसांची तपासणी हवी, आणि पाण्यात त्याला दमवायचं तर मुळीच नाही.

तुमच्या घरच्या पेशंटच्या कागदावर नुसता '२' लिहिलेला दिसला, तर तो टेबलावरचा की पाण्यातला, आणि पाण्यातला असेल तर किती खोलीवरचा, एवढं जरूर विचारा.